पापणीचा हिशेब

१

भाचीने फोन पुढे केला. बँकॉकच्या एका दवाखान्याचं पॅकेज. पडलेली पापणी उचलण्याची शस्त्रक्रिया, चार रात्री हॉटेल, विमानतळावरून ने-आण. सगळं मिळून १ लाख ६० हजार. म्हणाली, "मामा, तुम्ही दिवसभर लोकांचे हिशेब लिहिता. माझाही एक लिहून द्या."

वहीचं नवं पान उघडलं.

२

तिची डावी पापणी जन्मापासून खाली आहे. बाहुलीच्या वरच्या कडेला टेकते. शाळेत नाव पडलं 'झोपाळू'. आता पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. रोज एखादा तरी खातेदार विचारतो, "ताई, झोप झाली नाही का?"

चोवीस वर्षं ती या प्रश्नाला हसून उत्तर देत आली आहे.

३

या डोळ्यावरचा पहिला खर्च माझ्या आईने केला होता. भाची सहा महिन्यांची असताना अकलाईला चांदीचे डोळे वाहिले. सराफाकडे ते जोडीनेच मिळतात. एक डोळा सुटा मिळत नाही.

४

स्थळांसाठी बायोडाटा केला तेव्हा फोटोवाल्याने न विचारता संगणकावर दोन्ही पापण्या सारख्या करून दिल्या. वेगळे पैसे घेतले नाहीत. भाचीने तो फोटो परत केला आणि खरा लावायला सांगितला.

ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, विचारलं, "मग ऑपरेशन कशाला?"

"फोटोसाठी नाही. मला दुपारपर्यंत कपाळ दुखतं."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पापणी जड असली की माणूस नकळत भुवई ताणून डोळा उघडा ठेवतो. दिवसभर. तिच्या कपाळाला डाव्या बाजूला आडव्या रेघा आहेत, उजव्या बाजूला नाहीत.

५

गुगल, नातेवाईक, आणि कचेरीत येणारा एक औषधविक्रेता यांच्याकडून जमवलेले शब्द: पापणी खाली येणं म्हणजे टोसिस. पापणीच्या आसपासच्या शस्त्रक्रियांची वेगळी शाखा असते, ऑक्युलोप्लास्टी. पापणी उचलणाऱ्या स्नायूत थोडी ताकद असेल तर तोच आखडून घेतात. ताकद नसेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला आतून बांधतात, सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या पट्टीने. म्हणजे 'पापणीची शस्त्रक्रिया' या एका नावाखाली दोन-तीन वेगळी कामं आणि दोन-तीन वेगळे दर. बँकॉकच्या दराच्या कागदावर कोणतं काम ते लिहिलेलं नाही.

६

त्यांनी दर फोटो पाहून दिला.

७

अकलूजच्या घोडेबाजारात एक म्हातारा व्यापारी घोड्याचा एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्यासमोर हात हलवताना पाहिला होता. मग उलट. मग घोडा उन्हातून सावलीत आणून पुन्हा तेच. अंगावरचे भोवरे, दात, चाल, सगळं पाहून झाल्यावरही डोळे पुन्हा पाहिले. सौदा त्यानंतर. फोटोवर घोडा घेतलेला मी पाहिलेला नाही.

८

पुण्यात तपासणी. अकलूजहून सकाळची एसटी. ताईला आणि भाचीला अर्धं तिकीट, आई पंच्याहत्तरीच्या पुढची म्हणून तिला तिकीटच नाही. पूर्ण तिकीट एकट्या माझं. आईला नेण्याचं कारण नव्हतं. ती ऐकत नव्हती.

९

डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो मागितले होते. जावळाचा, पहिलीच्या ओळखपत्राचा, दहावीच्या निरोप समारंभाचा. टेबलावर ओळीने मांडले. पापणी सगळ्यांत तेवढीच. म्हणजे जन्मजात, नंतर सुरू झालेला आजार नव्हे.

तरी बर्फ मागवला. कापडात गुंडाळून दोन मिनिटं पापणीवर धरला. मायस्थेनिया नावाचा एक स्नायूंचा आजार असतो, त्यात बर्फाने पापणी थोडा वेळ वर येते. तो असेल तर आधी औषध, शस्त्रक्रियेचा विचार नंतर. भाचीची पापणी जागची हलली नाही. या तपासणीला लागलं ते बर्फाचे चार खडे.

१०

मग त्यांनी बोटाने डावी पापणी वर धरली आणि बराच वेळ उजव्या डोळ्याकडे पाहत राहिल्या. मला कळेना. त्यांनी समजावलं: दोन्ही पापण्यांना मेंदूकडून आज्ञा सारखीच जाते. डावी जड म्हणून मेंदू दोन्हीकडे जास्त जोर पाठवतो. डावी उचलली की तो जोर कमी होतो आणि कधी कधी चांगली पापणी खाली येते. तसं दिसलं तर बोलणं एका डोळ्याचं राहत नाही.

भाचीची उजवी थोडीशी, केसाएवढी उतरली. 'चालेल' म्हणाल्या.

फोटोत हे दिसलं नसतं. १ लाख ६० हजार एका डोळ्याचे होते.

११

आणखी एक तपासणी झाली, नजरेची. डावा डोळा किंचित कमी पाहतो. लहानपणी पापणीने बाहुली झाकली तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडतो. 'आळशी डोळा' म्हणतात. तिचा थोडक्यात वाचला. पण 'लहानपणी दर सहा महिन्यांनी दाखवायला हवं होतं' असं त्यांनी सांगितलं तेव्हा ताई खिडकीबाहेर पाहू लागली. त्या काळी एका दवाखान्यात आम्हाला 'मोठी झाली की बघू' एवढंच सांगितलं होतं. आम्हीही मग मोठी होण्याचीच वाट पाहिली.

पापणी लहान मुलाच्या बाहुलीवर आली असेल तर ते दिसण्याचं प्रकरण नाही, पाहण्याचं आहे. हे वाक्य मी वहीत चौकट करून लिहिलं. कुणाच्या घरात असं बाळ असेल तर त्यांना सांगायचं.

१२

बँकॉकचा हिशेब पुरा केला. रात्री अकरापर्यंत बसलो.

पॅकेज १,६०,०००. सोबत कुणी तरी हवं; ताई. दोघींची विमानाची तिकिटं ५४,०००. ताईला पासपोर्ट नाही, १,५००. अकलूज ते मुंबई विमानतळ गाडी, जाऊन-येऊन १८,०००. पॅकेजात चार रात्री; टाके पाच-सात दिवसांनी निघतात आणि त्यानंतर पुन्हा पाहिल्याशिवाय निघू नये, म्हणून जादा सहा रात्री २१,०००. दोघींचं जेवण, टॅक्सी, फोनचं सिम २२,०००. निघण्याआधी इथल्या तपासण्या ६,५००. प्रवास विमा ३,०००. थेंब, मलम, गोळ्या ५,०००. भाचीची पंधरा दिवसांची बिनपगारी रजा ११,०००. कार्डावरून परकीय चलनात पैसे भरल्यावर बँक वर घेते ते साधारण ६,०००. परत आल्यावर पुण्यात दाखवायच्या चार फेऱ्या ९,०००.

एकूण ३,१७,०००. जवळपास दुप्पट.

यातला एकही आकडा दवाखान्याने लपवलेला नाही. ते त्यांच्या कामाचे नव्हतेच.

१३

प्रवास विम्याच्या कागदात: ठरवून घेतलेल्या उपचारांचा आणि त्यातून पुढे आलेल्या त्रासाचा खर्च मिळणार नाही. म्हणजे ते ३,००० हरवलेल्या बॅगेसाठी आणि चुकलेल्या विमानासाठी. डोळ्यासाठी नाहीत.

१४

पुन्हा करावी लागली तर?

पापणीच्या शस्त्रक्रियेत हा प्रश्न अपशकुनी नाही, नेहमीचा आहे. पापणी कमी उचलली जाते, कधी जास्त उचलली जाते, कधी वळण बिघडतं, आणि मग दुरुस्ती करतात. चांगल्या हातांनाही करावी लागते. पॅकेजवाले लिहितात: 'दुरुस्ती मोफत.' दुरुस्ती मोफत असेल. तिकिटं, हॉटेल, रजा आणि ताई मोफत नाहीत. त्यासाठी १ लाख वेगळे बाजूला ठेवून द्यायचे आणि वर्षभर त्यांना हात लावायचा नाही.

आमच्याकडे ते १ लाख नाहीत. हे मी हिशेबात लिहिलं, कारण हेही हिशेबातच येतं.

१५

दाजींचा ऊस. तोड डिसेंबरात. कायद्याने ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीची, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान दराची, रक्कम द्यायची असते. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. हातात कधी आणि किती हप्त्यांत पडते ते गावाला माहीत आहे. बँकॉकची आगाऊ रक्कम नोव्हेंबरात भरायची होती.

दाजींनी न बोलता एक कागद पुढे केला. पाइपलाइनच्या कर्जाचा. शेवटचा हप्ता मार्चमध्ये.

१६

कचेरीत साहेबांच्या कपाटातून जीएसटीची अधिसूचना काढून वाचली. आरोग्यसेवेला कर माफ. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला माफी नाही, १८ टक्के. पण जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेलं रूप किंवा काम पूर्ववत करायचं असेल तर ती पुन्हा आरोग्यसेवा.

म्हणजे दवाखान्याच्या कागदावर 'जन्मजात' हा शब्द आला की कर नाही.

मग भाचीच्या आरोग्य विम्याची पॉलिसी काढली. तिच्यात 'बाह्य जन्मजात व्यंग' वगळलेलं. बऱ्याच पॉलिसींत असतं.

एकच शब्द. एका कागदावर पैसे वाचवतो, दुसऱ्या कागदावर घालवतो. मी तीस वर्षं कागद वाचतो आहे. तरी त्या संध्याकाळी तिला हे सांगताना जीव जड झाला.

१७

शेजारचा मुलगा आला. भरतीसाठी चष्मा घालवायचा आहे, लेझर. 'विमा देईल का?' विमा नियामकाने ठरवून दिलेली वगळण्याची यादी आहे, तिच्यात चष्म्याचा नंबर ७.५ च्या खाली असेल तर नाही. त्याचा साडेतीन.

मी विचारलं, भरती कुठली? रेल्वे, असिस्टंट लोको पायलट. त्याला जाहिरातीतली वैद्यकीय अट वाचून दाखवली: नंबर घालवण्यासाठी लेझर केलेला उमेदवार त्या पदाला चालत नाही. दूरचं पाहायला चष्मा लागणाराही चालत नाही. म्हणजे शस्त्रक्रिया करूनही इंजिनात बसायचं दार उघडणार नव्हतं.

मुलगा बराच वेळ चष्मा पुसत बसला. बरं झालं आधी आला.

१८

पासपोर्टसाठी ताईला सोलापूरला पोस्टातल्या केंद्रात जावं लागणार होतं. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर तिसरं. प्रतिज्ञापत्र, फोटो, पुन्हा फेरी. १,५०० रुपये फी आहे. ताईचे जाणारे दिवस त्यात नाहीत. त्या दिवसांत म्हशीचं दूध काढायला कुणाला सांगायचं, याची चर्चा पासपोर्टपेक्षा जास्त वेळ चालली.

१९

आतेबहीण न्यू जर्सीला. दोन वर्षांपूर्वी तिनेही वरच्या पापण्या करून घेतल्या, पुण्यात. तिकडे विमा पैसे देतो, पण पापणी नजरेच्या आड येते हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी नजरेचं क्षेत्र दोनदा मोजतात: एकदा पापणी आहे तशी, एकदा चिकटपट्टीने वर चिकटवून. दोन आकड्यांत पुरेसा फरक पडला तर आजार, नाहीतर हौस. तिचा फरक कमी पडला.

मग दिवाळीला आली तेव्हा केलं. तिला विचारलं, तिकीट धरून किती गेले?

"तिकीट कशाला धरायचं? आईला भेटायला येतच होते."

तिच्या वहीत तिकीट आईच्या खात्यावर. तिच्यासाठी आपला गाव परदेशातला दवाखाना आणि माहेर एकाच वेळी. असा हिशेब सगळ्यांना जमत नाही.

२०

पुण्याजवळची गोष्ट. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैलगाडीवान होता. टिपूच्या माणसांनी पकडून नाक कापलं. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिलं. इंग्रज वैद्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं. १८१४ साली लंडनच्या जोसेफ कार्प्यूने तीच रीत करून पाहिली. युरोपातले शल्यवैद्य पुढे याला 'भारतीय पद्धत' म्हणत आले.

कावसजीचं नाव राहिलं, चित्र राहिलं. करणाऱ्याचं नाव छापलं गेलं नाही.

२१

आजीचा मोतीबिंदू मिरजेला काढला, साठच्या दशकात. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. आजोबा सोबत स्टोव्ह, ज्वारीचं पीठ आणि तांदूळ घेऊन गेले होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही. तेव्हा आत भिंग बसवत नव्हते, नंतर जाड काचांचा चष्मा. आजोबांनी खर्च वहीत लिहिला होता. ती वही माझ्याकडे आहे. ऑपरेशनचा आकडा शेवटून तिसरा आहे. सर्वांत मोठा आकडा 'राहणे'.

२२

भाचीची एक मैत्रीण घरी आली. तिला डोळ्याचा रंग बदलायचा आहे, परदेशात. घारे डोळे.

हे मी गांभीर्याने वाचलं, कारण तिने आगाऊ पैसे भरायची तयारी केली होती. डोळ्याच्या आत रंगीत पडदा बसवतात तो एक प्रकार. पारदर्शक पटलात रंग भरतात तो दुसरा. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने दोन्हींविरुद्ध लोकांना जाहीर इशारा दिला आहे. आतला पडदा बसवलेल्यांत काचबिंदू, मोतीबिंदू, पटलाला सूज आणि दृष्टी जाणं नोंदलं गेलं आहे. पुष्कळांना तो परत काढावा लागला. मुळात असे पडदे अपघातात डोळ्याचा रंगीत भाग गमावलेल्यांसाठी किंवा जन्मतःच तो नसलेल्यांसाठी आहेत.

मी तिला म्हणालो, बाळ, काढायचा खर्च आधी विचार. तिथे जाऊन काढायचा, का इथे? इथे कोण काढेल? तिने फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, काढायची वेळ येत नाही.

त्या उत्तरानंतर तिने पैसे भरले नाहीत.

२३

मान्यता. बँकॉकच्या मोठ्या रुग्णालयांना जेसीआय ही आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. बुमरुनग्राडला २००२ मध्ये मिळाली, आशियात पहिली. आपल्याकडे एनएबीएच. दोन्ही रुग्णालयाला मिळतात. शस्त्रक्रिया माणूस करतो. म्हणून विचारायचा प्रश्न: करणार कोण, नाव काय, वर्षाला अशा पापण्या किती? आमच्या पॅकेजात नाव नव्हतं. 'आमचा तज्ज्ञ चमू' होता.

२४

वकीलमित्राला विचारलं, काही बिघडलं तर?

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. नव्या कायद्यात, २०१९ च्या, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे सोलापूर.

"आणि दवाखाना बँकॉकला असेल तर?"

तो म्हणाला, "नोटीस पोचेल. वसुली तिथल्या न्यायालयातून."

तारखेला किती लागतील हे मी वहीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखा आकडाच नव्हता.

२५

भाचीने दोन पानं शेजारी ठेवली. बँकॉक ३,१७,००० आणि राखीव १ लाख. पुणे: शस्त्रक्रिया ७५,०००, कर नाही, तपासण्या, औषधं, रजा, फेऱ्या आणि आत्येभावाच्या हडपसरच्या दोन खोल्यांत आठ दिवस राहणं धरून १ लाख ५ हजार. आत्येभाऊ पैसे घेणार नाही. वहिनीला साडी आणि पोराला वह्या मी १ लाख ५ हजारात धरल्या आहेत.

ती म्हणाली, "मामा, मला बँकॉक बघायचं पण होतं."

हे तिने पहिल्यांदा सांगितलं. मी हिशेब करत होतो म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. मुलगी पुण्याच्या पलीकडे कधी गेलेली नाही. शस्त्रक्रियेच्या नावाखाली एक प्रवास लपला होता, आणि तो तिला हवा असणं यात काही चूक नाही. तिकिटांचे ५४,००० कोणत्या खात्यात टाकायचे, हे मला तेव्हा कळलं.

वेगळं पान केलं: 'बँकॉक, फिरायला.' महिना २,०००. तिच्याच पतसंस्थेत आवर्ती खातं.

२६

जूनमधला मंगळवार. सकाळी दहा. भूल फक्त पापणीपुरती. मध्येच टेबलावर उठून बसवलं आणि सांगितलं, समोर बघा, वर बघा, आता मिटा. दोन्ही बाजू मोजल्या. एक टाका सोडून पुन्हा घातला. भाचीने नंतर सांगितलं, "डॉक्टर माझ्याकडे घड्याळ लावल्यासारख्या बघत होत्या."

शुद्धीत असलेल्या माणसाला विचारत विचारत होणारं हे काम आहे. भाषा कळणं त्यात मोजलं पाहिजे. बँकॉकच्या पानावर दुभाष्याची रक्कम लिहायची राहिली होती.

२७

हडपसर, दुसरी रात्र. भाची झोपलेली आणि डावा डोळा एक रेघभर उघडा. पहिले काही आठवडे, कधी महिने, पापणी झोपेत पुरती मिटत नाही. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून रात्री मलम भरायचं. हे आम्हाला आधी सांगितलं होतं, कागदावर दिलं होतं. पण सांगितलेलं आणि रात्री दोन वाजता दिसलेलं वेगळं. ताई घाबरून रडली. मग डॉक्टरीणबाईंचा कागद पुन्हा वाचला आणि मलम घातलं.

हॉटेलच्या सहाव्या मजल्यावर, परक्या गावात, ताई एकटी असती.

२८

सूज. चौथ्या दिवशी डावी पापणी उजवीपेक्षा वर. सातव्या दिवशी, टाके काढले तेव्हा, सारखी. पंधराव्या दिवशी परत थोडी वेगळी. आकार स्थिर व्हायला तीन ते सहा महिने. तोवर आरशाचा निकाल धरायचा नाही, असं भाचीने स्वतः ठरवलं. न्हाणीघरातल्या आरशावर तिने टॉवेल टाकला आहे. दाजी दाढी गोठ्यापाशी करतात.

२९

तिसरी फेरी नेमकी पालखीच्या दिवशी आली. सराटीला नीरेत पादुकांचं स्नान, मग तुकोबांची पालखी अकलूजमध्ये, माने विद्यालयाच्या मैदानावर रिंगण. इंदापूरच्या बाजूने वाहन सुटायचा प्रश्न नव्हता. फोन केला, तारीख एक दिवस अलीकडे घेतली. फोन करून तारीख बदलता येणं याला मी पुण्याच्या पानावर एक ओळ दिली. रक्कम घातली नाही.

रिंगणाला भाची काळा चष्मा लावून आली होती. धुळीपासून जपायचं म्हणून. अश्व दुसरी फेरी मारून गेला आणि तिने चष्मा काढला. मी ओरडलो. ती म्हणाली, एवढंच.

३०

पतसंस्थेत परत रुजू. पहिल्या दिवशी एक खातेदार बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही नवीन का?"

३१

कपाळ दुखतं का, विचारलं. दुपारी नाही. संध्याकाळी थोडं. भुवईची सवय जायला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

३२

पुण्याच्या पानाची बेरीज आजपर्यंत १,११,४००. अंदाजापेक्षा ६,४०० जास्त. थेंबांचं औषध एकदा बदललं, आणि आईने प्रत्येक फेरीला येण्याचा हट्ट धरला म्हणून दोनदा एसटीऐवजी गाडी केली.

आवर्ती खात्यात दोन हप्ते, ४,०००.

चौथी फेरी चौदा तारखेला. सकाळी साडेसहाची एसटी.